वसवलं कुणी, सापडलं कुणाला

कॉलेजातून निवृत्त झाले आणि इंग्रजी तपासून द्यायचं काम न मागता घरी चालून आलं. राजारामपुरीत आमच्या इमारतीखाली झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. कुणी इंग्रजी मजकूर टाइप करायला आणला, की तो परस्पर सांगून टाकतो, "वर मॅडम आहेत, एकदा त्यांच्या नजरेखालून घाला की." मग बायोडेटा येतात, सोसायट्यांचे ठराव येतात, व्हिसासाठीची पत्रं येतात. स्मरणिका मात्र सगळ्यात जास्त. कोल्हापूर जिल्ह्यात संस्थांना तोटा नाही आणि प्रत्येक संस्थेला कधी ना कधी पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर वर्षं होतातच. अलीकडे स्मरणिकेत दोन पानं इंग्रजीत लागतात. परदेशी गेलेल्या मुलांना वाचता यावीत म्हणून, असं सांगतात. पाहुणे मंत्री दिल्लीचे असले तरी लागतात.

या दोन पानांत गावाचा इतिहास असतो आणि त्या इतिहासात एक वाक्य ठरलेलं असतं. जयसिंगपूरच्या एका व्यापारी कुटुंबानं आणलेल्या मजकुरात ते असं होतं : 'शाहू महाराज फाउंड जयसिंगपूर इन १९१७.'

म्हणजे शाहू महाराजांना १९१७ साली जयसिंगपूर सापडलं. शिरोळच्या बाजूला शिकारीला गेले असतील, वाटेत दिसलं असेल, असा अर्थ इंग्रज वाचक काढेल. मी 'फाउंड'वर काट मारून 'फाउंडेड' केलं. त्यावर मजकूर घेऊन आलेला मुलगा, बी.कॉम. झालेला आणि चांगला चुणचुणीत, म्हणाला, "मॅडम, ते डबल होतंय की. 'फाउंड' हाच भूतकाळ आहे. त्याला परत 'ईडी' कसं लागंल? उद्या 'वेंटेड' म्हणायचं का?"

मला हा प्रश्न फार आवडला. आमच्या कॉलेजात तीन-तीन वर्षं इंग्रजी शिकून बाहेर पडणारी मुलं एवढासुद्धा विचार करत नाहीत. पोराचं तर्कशास्त्र बरोबर होतं, त्याला माहिती अर्धी मिळाली होती. शाळेत क्रियापदांच्या तीन रूपांचा तक्ता पाठ करून घेतात. त्यात 'फाइंड-फाउंड-फाउंड' असतं, सापडणे. 'फाउंड-फाउंडेड-फाउंडेड', म्हणजे पाया घालणे, वसवणे, स्थापन करणे, हे निराळं क्रियापद त्या तक्त्यात नसतंच. ते नियमित असल्यामुळे पाठ करायची गरज नाही, असं तक्ता करणाऱ्याला वाटलं असावं. पहिल्याचा भूतकाळ आणि दुसऱ्याचं मूळ रूप दिसायला अगदी एक, आणि घोळ होतो तो तिथेच.

कोल्हापूरकराला खरं तर तिसरंही माहीत असायला हवं. माझ्या भावानं उमेदीची सगळी वर्षं शिवाजी उद्यमनगरात काढली. तिथं आणि पुढे शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत 'फौंड्री' हा शब्द घरातल्या भांड्यासारखा वापरतात. "फौंड्रीला गेलाय", "फौंड्री बंद हाय आज". त्या फौंड्रीतलं 'फाउंड' म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणे. त्याचं लॅटिन मूळ ओतण्याचं, आणि गाव वसवण्याच्या 'फाउंड'चं मूळ तळाचं, पायाचं. मी त्या मुलाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे सापडलं, वसवलं आणि ओतलं, तिन्हीला एकच?" दिसायला एकच, म्हटलं. त्यानं ते मोबाइलवर टिपून घेतलं. बी.कॉम.ला सांगितलं असतं तर टिपलं असतं की नाही, शंका आहे.

'सापडलं' हा अर्थ कुठं चपखल बसतो तेही त्याला सांगितलं, कारण उदाहरण इथंच पंचगंगेच्या काठावर आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथं पद्धतशीर खोदकाम केलं. त्या टेकडीत सातवाहन काळातली वस्ती मिळाली, आणि रोमन बनावटीच्या वस्तूंमध्ये समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली. आज ती टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. लहानशी मूर्ती, पण भूमध्य समुद्राकडचा देव पंचगंगेकाठी येऊन दोन हजार वर्षांच्या आसपास मातीत पडून राहिला होता. तर 'पोसायडन वॉज फाउंड ॲट ब्रह्मपुरी' हे वाक्य शंभर टक्के बरोबर. तिथं कुणी 'फाउंडेड' लिहिलं तर पोसायडनला कुणीतरी ब्रह्मपुरीत वसवल्यासारखं होईल.

'फाउंड'ची चूक एक वेळ परवडते, लगेच दिसते. शब्दकोश उघडून केलेल्या चुका जास्त दमवतात. 'वसवणे' हा शब्द आपल्याला इतका सरावाचा आहे, की तो इंग्रजीत एका शब्दात मिळालाच पाहिजे असं लोक धरून चालतात. एकानं लिहिलं होतं, 'शाहू महाराज इनहॅबिटेड शाहूपुरी'. इंग्रजीत याचा अर्थ महाराज स्वतः शाहूपुरीत राहायला गेले. दुसऱ्यानं तर कमाल केली : 'शाहू महाराज कॉलनाइज्ड शाहूपुरी'. आता आपल्याकडे कॉलनी म्हणजे चार बंगले आणि एक गणेश मंदिर. पण 'कॉलनाइज' म्हटलं की इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांपुढे ईस्ट इंडिया कंपनी उभी राहते. रेसिडेंट आणि पोलिटिकल एजंटांच्या नाकावर टिच्चून कारभार केलेल्या राजाच्या माथी हा शब्द मारणं म्हणजे अन्यायच. ते लिहिणाऱ्या गृहस्थांनी मात्र शांतपणे विचारलं, "मग डिक्शनरीत कशाला दिलंय?"

डिक्शनरी शब्द देते, घटना देत नाही. शाहूपुरीबद्दल लिहायचं तर तिथं काय घडलं ते आधी माहीत हवं. शाहू महाराजांच्या हाती राज्याचा कारभार आला २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झालेली होती. स्टेशन गावाबाहेर, आणि आजूबाजूच्या गावांतून गुऱ्हाळांचा गूळ तर भरपूर येणारा. १८९५ मध्ये महाराजांनी स्टेशनालगत गुळाची पेठ उभी केली, तीच शाहूपुरी. गुळाचे रवे बैलगाडीतून उतरायचे, सौदा व्हायचा आणि जवळच्या जवळ माल रेल्वेवर चढायचा. गुळाच्या व्यापारात कोल्हापूरचं नाव झालं त्यात या पेठेचा वाटा मोठा. आता सौदे मार्केट यार्डात होतात, आणि शाहूपुरीत शिरलं की गूळ नाकाला जाणवत नाही. गणपतीच्या आधी कुंभार गल्लीतला ओल्या रंगांचा वास मात्र जाणवतो.

इतकं कळलं की वाक्य आपोआप बनतं. पेठ कुणी, केव्हा आणि कशासाठी वसवली, या क्रमानं लिहायचं : 'शाहूपुरी वॉज फाउंडेड बाय शाहू महाराज इन १८९५ ॲज अ मार्केट फॉर जॅगरी.' त्यातलं शेवटचं 'ॲज' लोक हमखास गाळतात. खरी बातमी त्यातच आहे. नुसतं 'फाउंडेड' म्हटलं तर तिथं राजवाडा झाला की तुरुंग, काय कळणार? मी मुलांना सांगायचे, साल आणि नाव कुणीही लिहील, 'ॲज'च्या पुढे काय लिहिता ते मला दाखवा.

जयसिंगपूरच्या वाक्यात आणखी एक गंमत होती. आपण म्हणतो, वडिलांच्या नावावरून गावाचं नाव ठेवलं. त्याचं त्या मजकुरात झालं होतं 'नेम्ड ऑन हिज फादर्स नेम'. इंग्रजीत 'नेम्ड आफ्टर' लागतं. 'आफ्टर' म्हटलं की आपल्या माणसाला 'नंतर' आठवतं. म्हणून त्या मुलाच्या वडिलांनी हरकत घेतली. म्हणाले, "आफ्टर कसं? वडील गेल्यानंतर ठेवलं असा अर्थ होईल." तसा अर्थ होत नाही. पण योगायोगानं ते खरंही आहे. जयसिंगराव आबासाहेब घाटगे, कागलचे, शाहू महाराजांचे जन्मदाते. महाराज १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि १८८६ मध्ये आबासाहेब वारले. पुढे तीस वर्षांनी मुलानं वडिलांच्या नावानं शहर वसवलं. दत्तक गेलेल्या मुलानं जन्मदात्याचं नाव नकाशावर घालावं, यात मला नेहमी काहीतरी घरगुती वाटतं. पण ते स्मरणिकेत लिहायचं नसतं.

जयसिंगपूरला जे लोक गेलेत त्यांना 'फाउंडेड'च्या जोडीला 'लेड आउट' का लागतं ते वेगळं समजवावं लागत नाही. गल्ल्या काटकोनात, आखून काढलेल्या, आणि त्यांना नावांऐवजी नंबर. पाचव्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की नजर थेट पलीकडच्या टोकाला जाते. आमच्या शिवाजी पेठेत अशी नजर टाकली तर दहा पावलांवर कुणाचा तरी कट्टा आडवा येतो. जयसिंगपूर आधी कागदावर आखलं गेलं आणि मग जमिनीवर उतरलं. ऊस परिषदेला विक्रमसिंह मैदानावर राज्यभरातून शेतकरी येतात, त्यांना हे शहर अवघ्या शंभर वर्षांचं आहे हे सांगितलं तर पटत नाही. आसपासचं उदगाव आणि शिरोळ त्याच्याहून कितीतरी जुनी.

तर शाहूपुरी आणि जयसिंगपूर, दोन्ही ठिकाणी 'फाउंडेड' निर्धास्त लिहावं. साल आहे, माणूस आहे, हेतू आहे. पंचाईत होते ती कोल्हापूर शहराबद्दल लिहायचं म्हटलं की. एका हॉटेलच्या माहितीपत्रकात वाक्य होतं, 'कोल्हापूर वॉज फाउंडेड बाय' आणि पुढे रिकामी जागा. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, तेवढं नाव तुम्हीच भरा, तुम्हाला माहीत असणार."

काय भरणार? कोल्हासुराची कथा आहे, ती देवळात ऐकायची. इतिहासात पाहिलं तर ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा आणि रावणेश्वर अशी सहा जुनी वस्तिस्थानं सांगतात. ती वाढत वाढत एकमेकांना भिडली. शिलाहार आले, यादव आले, पुढे छत्रपतींची गादी पन्हाळ्यावरून खाली आली. असं गाव कुणी एकानं वसवलेलं नसतं. त्याला 'ग्रू' म्हणायचं, वाढलं. फार तर लिहावं, की ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सातवाहनांच्या काळापासून माणसं राहत आली आहेत. मॅनेजरांना ते बेचव वाटलं. त्यांना एक राजा हवा होता, शक्य तर घोड्यावर बसलेला. मी राजा दिला नाही. त्यांनी काय छापलं ते मी पाहायला गेले नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त वेळ लागला तो वळिवड्याच्या मजकुराला. पोलंडहून काही पाहुणे येणार होते आणि त्यांना द्यायला एका पानाची इंग्रजी माहिती काही हौशी मंडळींनी तयार केली होती. कोल्हापूरबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगते. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्यानं पूर्व पोलंड घेतला आणि लाखो पोलिश माणसं सैबेरियाकडे, मध्य आशियाकडे हाकलली. पुढे सुटका झाल्यावर त्यातली हजारो इराणमार्गे बाहेर पडली. त्यातली सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बाया, मुलं आणि म्हातारी, १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे इथं येऊन राहिली. रेल्वेलाइनीच्या जवळ बराकी उठल्या. शाळा, चर्च, दवाखाना, सगळं उभं राहिलं. १९४८ पर्यंत ती वस्ती मोडली आणि माणसं जगभर पांगली. काही जण इथंच गेले. त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्सात 'कोल्हापूर' नावाच्या स्मारकाला फूल वाहायला गेले तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्या अर्ध्या कोल्हापुरानं एकमेकांना विचारलं, "आपलं नाव तिकडं कसं काय?"

तर त्या पानावर वाक्य होतं, 'द पोलिश पीपल फाउंडेड अ सेटलमेंट ॲट वळिवडे.' व्याकरणात एक तीळभर खोट नाही. तरी ते मला खुपत होतं. वस्ती पोलिश लोकांनी वसवली का? ते स्वतःच्या मर्जीनं जागा शोधत आले नव्हते. त्यांची सोय लावायची म्हणून सरकारांनी जागा ठरवली, संस्थानात जमीन मिळाली, बराकी बांधून झाल्या आणि मग आगगाडीतून माणसं उतरली. म्हणजे 'दे वेअर सेटल्ड', त्यांना इथं वसवलं गेलं. दुसरीकडे हेही खरं, की शाळा चालवल्या, नाटकं केली, सण केले, फुलझाडं लावली ती त्यांनीच. तेवढ्यापुरतं 'सेट अप' लिहायला हरकत नाही.

मंडळींपैकी एक जुने गृहस्थ, त्यांचं बालपण वळिवड्याच्या शिवारातलं, ते म्हणाले, "आम्ही तर नुसतं कॅम्पच म्हणायचो. पोलिश कॅम्प." मी 'कॅम्प' ठेवावं म्हटलं. त्यावर एका तरुणानं मान हलवली. "कॅम्प म्हटलं की पोलंडच्या माणसाला जर्मनांचे कॅम्प आठवतील, मॅडम." ते खरंच होतं. मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, पण वाचणारा कुठल्या देशातून येतोय हा विचार त्या पोरानं माझ्याआधी केला. शेवटी मथळ्यात 'सेटलमेंट' आणि आत एकदा 'लोकली नोन ॲज द पोलिश कॅम्प' असं ठरलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण पानाच्या तळाला गांधीनगर होतं. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं त्या रिकाम्या बराकींत उतरली आणि तिथं गांधीनगर झालं. आज पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातले कापडदुकानदार ठोक खरेदीला तिथं येतात. दिवाळीच्या आधी आत गाडी घालणं म्हणजे दिव्यच. मजकुरात होतं, 'गांधीनगर वॉज फाउंडेड बाय सिंधी रेफ्युजीज.' इथं मी थांबले. जागा त्यांनी निवडलेली नाही. बराकी त्यांनी बांधलेल्या नाहीत. पण तिथं पेठ उभी केली ती त्यांनी, कुणा महाराजांच्या हुकमाशिवाय, एकेक गठ्ठा कापड खांद्यावरून आणून. शाहूपुरीला राजा होता, आराखडा होता, रेल्वे होती. गांधीनगराला पोलिश लोकांनी सोडलेली छपरं होती.

मंडळींनी माझ्याकडे पाहिलं. मी सुचवलं, निर्वासितांचं पुनर्वसन बराकींत झालं आणि त्यांनी तिथं बाजारपेठ उभारली, अशी दोन वाक्यं करा. पहिल्यात 'वेअर रिसेटल्ड', दुसऱ्यात 'बिल्ट'. त्यातला एक जण स्वतः गांधीनगरचा व्यापारी होता. इतका वेळ गप्प बसलेला. तो म्हणाला, "बिल्ट बरोबर आहे. माझ्या आजोबांनी बांधलंय ते." आणि 'फाउंडेड' खोडून टाकलं. पान तसंच छापलं गेलं.

अलीकडे न्यू जर्सीहून एका नातवाचा फोन आला होता, माझ्या नव्हे, खालच्या दुकानदाराच्या बहिणीच्या. शाळेत स्वतःच्या गावावर पान लिहायचं होतं. त्याचं इंग्रजी माझ्याहून सफाईदार. 'फाउंडेड' त्यानं बरोबर लिहिलं होतं, 'नेम्ड आफ्टर'ही बरोबर. फक्त जयसिंगपूर कोल्हापूरच्या आधी वसलं असं ठोकून दिलं होतं, कारण साल मिळालं ते एकाच गावाचं. त्याला मी ब्रह्मपुरी सांगितली, पोसायडन सांगितला. पोसायडन म्हटल्यावर पोरगं खूश.

तुमच्या गावाची, पेठेची किंवा संस्थेची पाटी इंग्रजीत होणार असेल, तर रंगाऱ्याला बोलवायच्या आधी तीन गोष्टी कागदावर मराठीत लिहून काढा : तिथं आधी काय होतं, कुणी आणि केव्हा काय केलं, आणि कशासाठी केलं. तिन्हीची उत्तरं मिळाली तर 'फाउंडेड' लिहा, 'ईडी'सकट. एखाद्याचं मिळालं नाही तर 'ग्रू' लिहा, 'सेटल्ड' लिहा, 'बिल्ट' लिहा. आणि अडलंच तर राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानात विचारा, मी वरच असते. दुपारी दोन ते चार सोडून.